हुरड्याच्या आगटीवरचा वाद : ज्वारी मूळची कुठली?

माणदेशी_गडी

गेल्या रविवारी मामाच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. मंगळवेढ्याच्या पलीकडे, काळं रान. गोवऱ्यांचा आर पडलेला, मामा त्यात गूळभेंडी ज्वारीची कणसं खोचत होता आणि मामी गरम कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून ताटात सोडत होती. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात माझ्याबरोबर आलेला पुण्याचा मित्र सहज बोलून गेला, "ज्वारी आपली नाहीच, आफ्रिकेतून आलीय."

मामाने हातातली काडी खाली ठेवली. "मग आमचं पूर्वज काय माती खात हुते?"

मित्राला उत्तर सुचलं नाही, मलाही नाही. आठवडाभर जमेल तेवढं वाचलं, ते इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

आधी मित्राची बाजू. सुदानच्या पूर्वेला, कसाला भागात, जुन्या वस्तीची खापरं सापडली आहेत. आपल्याकडे कुंभार मातीत भुसा, लीद मिसळतो तसाच तिथल्या लोकांनी धान्याचा कोंडा मिसळला होता. भट्टीत कोंडा जळून गेला, पण त्याचा ठसा खापरात राहिला. हे ठसे इ.स.पू. ३००० च्या सुमाराचे, आणि ते ज्वारीचे आहेत. त्यांत दोन तऱ्हा दिसतात. रानज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळतो, देठाशी गुळगुळीत खूण राहते. माणसाने लावलेल्या ज्वारीचा दाणा कणसाला धरून राहतो, झोडपून मोडावा लागतो, म्हणून देठ ओबडधोबड तुटतो. या खापरांत दोन्ही आहेत. म्हणजे रानगवताचं पीक होत असतानाचाच तो काळ.

बाजरीचा पुरावा आणखी पश्चिमेला, मालीतल्या टिलेम्सी खोऱ्यात, साधारण इ.स.पू. २५०० चा. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. थोडक्यात देशावरची, दुष्काळी पट्ट्यातली आणि कोकणातली अशा तिन्ही भाकऱ्या आफ्रिकेच्या.

आता मामाचा प्रश्न. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बारा-पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तिथले तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी पाट काढून पाणी देत होते आणि त्यांचं मुख्य पीक होतं सातू, म्हणजे जव. त्याच पुणे जिल्ह्यात आज सातूचं शेत दाखवा म्हटलं तर दिवस जाईल. खाली कर्नाटकात, त्याहून जुन्या काळी, हुलगा, मूग आणि बारीक दाण्याची गवतं पिकवत. हुलगा तर इथलाच. तेव्हा मामा, पूर्वज माती खात नव्हते, हुलग्याचं माडगं पीत होते :)

राहतं ते एवढंच : नाईल नदीपासून भीमेपर्यंत दाणा आला कसा आणि लोकांनी तो घेतला का?

शंकासूर

धागा चांगला आहे, पण घाई होतेय. राजस्थान, गुजरातच्या जुन्या स्थळांवर ज्वारी-नाचणी मिळाल्याचे अहवाल आहेत, तेही हडप्पाकालीन. मग सुदानहून आली कशावरून? इथून तिकडे गेली असेल. प्रत्येक गोष्ट बाहेरून आली असं म्हणायची फॅशनच झालीय.

दाणेवाला

शंकासूर, प्रश्न रास्त आहे, पण ते अहवाल आता तसेच घेता येत नाहीत.

उत्खननातला दाणा म्हणजे काय ते आधी पाहा. चुलीत सांडून जळालेला, म्हणूनच टिकलेला, मोहरीएवढा काळा कण. मातीचा नमुना पाण्यात घोळवला की असे कण वर तरंगतात, ते गाळून वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. भाजल्याने दाणा फुगतो, टरफल निघून जातं. अशा अवस्थेत नाचणी आणि आपल्याच बांधावरचं एखादं रानगवत यांत फरक करणं महाकठीण. जुन्या अहवालातल्या 'नाचणी'चा बराचसा माल पुन्हा तपासल्यावर दुसऱ्याच गवताचा निघाला. ज्या खापरांवर ज्वारीचे ठसे सांगितले होते त्यांचंही तसंच. जे दावे टिकले ते साधारण इ.स.पू. २००० नंतरचे. शिवाय रानज्वारी आफ्रिकेत मुबलक उगवते. पिकाचं माहेर शोधताना त्याचे रानटी भाऊबंद कुठे आहेत, हे पाहावंच लागतं.

वाटेबद्दल. नकाशावर सरळ दिसते ती वाट म्हणजे इजिप्त, इराक, इराण, मग सिंध. पण त्या काळच्या इजिप्त आणि इराकच्या वस्त्यांत ज्वारी-बाजरीचा मागमूस नाही. म्हणून अभ्यासकांचा कल समुद्राकडे आहे : येमेन-ओमानच्या किनाऱ्याने सौराष्ट्र आणि सिंधपर्यंत. ओमानशी हडप्पावाल्यांचा व्यापार होताच. कुणी राजाने बियाणं मागवलं असं डोळ्यांसमोर आणू नका. खलाशाच्या शिधोरीत उरलेले दाणे, किनाऱ्यावर कुणाशी तरी मिठाच्या माशाच्या बदल्यात गेलेलं पसाभर धान्य, असं काहीतरी.

आणि 'घेतलं का' याचं उत्तर मला पावसात दिसतं. गहू, जव ही थंडीतली पिकं, पश्चिम आशियातल्या हिवाळी पावसावर वाढलेली. आपल्याकडे पाऊस जूनला येतो. पाट काढायची सोय नसेल तिथे जव घेऊन काय करणार? आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यातही उन्हाळ्यानंतरच पाऊस, तोही बेभरवशाचा. तिथे तयार झालेल्या पिकाला इथला खरीप घरचाच वाटला. बारीक दाण्याची वरई, कोद्रा, राळा इथे पेरत होतेच, म्हणजे पेरायची, कांडायची रीत ठाऊक होती. त्यात टपोऱ्या दाण्याचं तसंच पीक आलं.

जाता जाता : रोमन लेखक प्लिनी (मृत्यू इ.स. ७९) लिहितो की गेल्या दहा वर्षांत भारतातून इटलीत एक नवं धान्य आलंय, रंगाने काळं, दाणा मोठा, ताट वेतासारखं, सात फूट उंच. ही ज्वारीच असावी असं मानतात. म्हणजे सुदानपासून हाकेवर असलेल्या रोमनांना ज्वारी 'भारतीय' म्हणून कळली! शंकासूर, तुमच्या बाजूने प्लिनी आहे, घ्या.

शंकासूर

प्लिनी घेतला. बाकीचं रात्री निवांत वाचतो.

काळी_कसदार

शेतकरी बोलतोय, जरा ऐका.

दाणेवाला म्हणतात ज्वारी खरिपाची म्हणून रुजली. बरोबर. पण मग मंगळवेढ्यात, बार्शीत, जामखेडला ज्वारी पेरतात कधी? उत्तरा-हस्ताच्या पावसावर. पाऊस संपताना पेरायची आणि पुढे चार महिने थेंब नाही. पीक उभं राहतं ते काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर आणि सकाळच्या दवावर. जमीन भेगाळायला लागली की कोळपं घालून वरचा थर भुसभुशीत करायचा, भेगा बुजवायच्या, म्हणजे खालची ओल उडत नाही. माझे वडील म्हणायचे, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी.

जी वनस्पती पावसाबरोबर वाढायला जन्मली तिला पावसाच्या पाठीवर, थंडीत, कोरड्यात पिकवायची, हे कुणी केलं? सुदानवाल्यांनी नाही. इथल्या माणसांनी दर साली चांगलं कणीस बघून, वेगळं काढून, आढ्याला टांगून केलं. मालदांडी ही रब्बी ज्वारीची जात घ्या. मोहोळच्या संशोधन केंद्रात तिचं 'मालदांडी ३५-१' हे वाण निवडलं गेलं, पण निवड झाली ती गावोगावच्या मालदांडीतून, जी आधीच शेतकऱ्याकडे होती. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. 'आफ्रिकेची' म्हणून ते काढून घ्यायचं का?

दाणेवाला

काढून कशाला घ्यायचं! उलट तुमच्या म्हणण्याला आधार आहे. हार्लन आणि डी वेट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ज्वारीचे पाच मुख्य गट पाडले. त्यातला 'दुर्रा' हा गच्च कणसाचा, टपोऱ्या दाण्याचा, कोरड्या हवेचा गट, आणि आपल्या बऱ्याचशा ज्वाऱ्या त्यात मोडतात. हार्लन यांचा कयास असा की दुर्रा घडला तो भारतात, दोनेक हजार वर्षांच्या निवडीतून, आणि मग अरबांबरोबर तो परत आफ्रिकेत गेला. सगळ्यांना हे मान्य नाही, पण कल्पना मला आवडते. पोरगी सासरी नांदली आणि नातवंडं आजोळी गेली. इथूनच ती पुढे चीनलाही पोचली, तिकडे तिला काओलियांग म्हणतात आणि जेवणापेक्षा दारूच जास्त करतात.

माणदेशी_गडी

काळी_कसदार, हा प्रतिसाद मामाला फोनवर वाचून दाखवला. "ह्यो कुठला गडी हाय? हुरड्याला बोलव" असा निरोप आहे.

सुगरण_नंदा

थोडं अवांतर, पण बी कसं फिरतं यावरून आठवलं.

आमच्या घरी एका वांग्याची जात आहे, काटेरी देठाची, जांभळ्यावर पांढरे पट्टे. ती आजीने लग्न झाल्यावर माहेरहून, सांगली बाजूच्या गावातून, पदराच्या गाठीत बांधून आणली. आई तिच्याकडून घेऊन नाशिकला आली आणि मी आईकडून. तीन बायका, तीन जिल्हे. आता माझ्या गच्चीवर कुंड्यांत आहे.

बी धरायची तिची पद्धत : झाडावरचं एक चांगलं वांगं तोडायचंच नाही, पिवळं होऊ द्यायचं. मग फोडून पाण्यात चोळायचं. तरंगेल ते फेकायचं, तळाला बसेल तेवढंच ठेवायचं. चुलीच्या राखेत घोळवून वाळवायचं आणि फडक्याच्या पुरचुंडीत बांधून फडताळात. कागदोपत्री इतिहासात हे कधी येणार नाही, पण माझ्या मते निम्मी पिकं अशीच बायकांच्या पदरातून गावं ओलांडत गेली असणार.

दाणेवाला

नंदाताई, कागदोपत्री आलंय! सहाव्या शतकात चीनमध्ये जिया सस्ये नावाच्या अधिकाऱ्याने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला, 'छीमिन याओशु'. त्यात वांग्याचं बी कसं धरावं ते दिलंय : नवव्या महिन्यात पिकल्यावर तोडा, फोडा, बी पाण्यात घोळा, बुडेल ते घ्या, लगेच वाळवा आणि गुंडाळून ठेवा. तुमच्या आजीची कृती, दीड हजार वर्षांपूर्वीची, फक्त राख नाही.

आणि वांगं हा विषय काढलाच आहे तर त्याच्या नावाचा प्रवास ऐका. संस्कृतात वातिंगण. त्याचं आपल्याकडे झिजून वांगं. इराणात गेलं ते बादिंगान. अरबांनी उचललं, पुढे 'अल' लागलं, अल-बादिंजान. अरबांबरोबर स्पेनला पोचलं. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम यांच्या शेतीग्रंथात वांग्याची लागवड आहे. तिथून कॅटलान अल्बर्जिनिया, फ्रेंच ओबर्जीन. पोर्तुगीजांनी बेरिंजेला केलं, ते जहाजात घालून गोव्याला आणलं आणि इंग्रजाने त्याचं ब्रिंजल केलं. आज आपल्या हॉटेलच्या मेनूत 'ब्रिंजल मसाला' लिहितात तो शब्द इथून निघून पृथ्वीला वळसा घालून घरी आलेला आहे. वेस्ट इंडिजमध्ये तर त्याचं 'ब्राउन जॉली' झालं होतं म्हणे. इटलीत 'मेलांझाना', आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला 'वेडं फळ'. खाल्लं की माणूस भ्रमिष्ट होतो अशी तिथे समजूत होती.

अरबांनी पूर्वेकडची पिकं भूमध्य समुद्रापर्यंत नेली यावर इतिहासकार अँड्र्यू वॉटसन यांनी १९७४ मध्ये मोठा सिद्धान्त मांडला. यादीत ऊस, कापूस, भात, लिंबू, पालक, वांगं, अळू असं आपलं अख्खं मंडईचं दुकान आहे. नंतर मायकेल डेकर वगैरेंनी दाखवलं की त्यातली काही पिकं रोमन काळातच तिकडे होती. माझं मत : कापूस, भात यांच्याबाबत डेकर बरोबर, वांगं-पालक-ऊस यांच्याबाबत वॉटसन. उसाचा तर रस पिणं वेगळं आणि साखर पाडणं वेगळं. चीनच्या थांग सम्राटाने इ.स. ६४७ मध्ये साखर करायची विद्या शिकायला मगधाला माणसं धाडली होती. त्याच वर्षी नेपाळच्या राजाकडून त्याच्या दरबारी भेट म्हणून पालक गेला. ऊस लोक स्वतः लावत होते, अडलं होतं ते गुऱ्हाळावर.

खट्याळ_खारूताई

आता एकादशीच्या ताटाकडे वळूया का? :D

साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा : कसावाच्या कंदाचा, कसावा ब्राझील बाजूचा. बटाटा : अँडीज पर्वत. शेंगदाणा : दक्षिण अमेरिका. हिरवी मिरची : मेक्सिको. जिरं : भूमध्य समुद्राकडचं, आणि आमच्याकडे उपवासाला ते चालतच नाही. बाजूला रताळ्याचा कीस : अमेरिका. राजगिऱ्याचा लाडू : तोही अमेरिका. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा पाकात घालून वड्या पाडतात, त्यांना 'आलेग्रिया' म्हणतात. अ‍ॅझ्टेक लोक तर राजगिऱ्याच्या पिठाची देवमूर्ती करून तिचा प्रसाद वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांनी ते बंद पाडलं.

म्हणजे विठोबाच्या नावाने आपण कोलंबसाचा फराळ करतो. भारतीय उरलं ते वरई, काकडी आणि तूप.

माझा अंदाज : उपवासाला धान्य वर्ज्य ठरलं तेव्हा यातलं काहीच इथे नव्हतं, मग निषिद्धाच्या यादीत येणार कसं? नंतर आलेल्यांनी मोकळी जागा पकडली. बसमध्ये रुमाल टाकतात तशी.

शंकासूर

खारूताई, थांबा. कोलंबसाआधी अमेरिकेची पिकं इथे नव्हती असं ठाम म्हणू नका. कर्नाटकात सोमनाथपूरच्या होयसळ मंदिरातल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत. तेराव्या शतकातलं मंदिर. मी स्वतः जाऊन पाहिलंय, दाण्यांच्या ओळीसुद्धा दिसतात.

दाणेवाला

मीही पाहिलीत, आणि पहिल्या नजरेत मलाही मकाच वाटला होता. १९८९ मध्ये योहानेसन नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने तसा दावाही केला. मग १९९३ मध्ये मक्यावर काम करणाऱ्या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं की हे मक्याचं कणीस नव्हे, मुक्ताफळ म्हणजे मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ आहे. होयसळ शिल्पी मुकुटापासून तोड्यांपर्यंत सगळ्यावर मोती कोरतात, फळच कसं सोडतील?

माझ्यासाठी निकाल लागतो तो वेगळ्या गोष्टीवर. मका खाल्ला की बुरकुंडं उरतात. ती सरपण म्हणून चुलीत जातात, कोळसा होतो आणि कोळसा हजारो वर्षं टिकतो. तेराव्या शतकात देवाच्या हातात देण्याइतका मका असता तर उकिरड्यांत जळकी बुरकुंडं हवी होती.

किवी_मावशी

न्यूझीलंडहून लिहितेय. शंकासूर यांना निराश करत नाही, कारण कोलंबसाआधी समुद्र ओलांडलेलं एक अमेरिकी पीक खरंच आहे : रताळं.

इथे बाजारात त्याला 'कुमारा' म्हणतात. मला आधी वाटलं कुणा कुमारवरून नाव पडलं की काय! शब्द माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला आहे आणि दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत रताळ्याला 'कुमार'शी मिळताजुळताच शब्द आहे. कुक बेटांपैकी मंगाइया बेटावर रताळ्याचे जळके तुकडे मिळालेत, कोलंबसाच्या कितीतरी शतकं आधीचे. पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांवरचे खलाशी दक्षिण अमेरिकेला जाऊन ते घेऊन आले असावेत हे बहुतेकांना पटतं. दाणेवाला म्हणतात तो कोळशाचा पुरावा इथे आहे, आणि शब्दाचाही.

गंमत पुढे आहे. उष्ण बेटांवर रताळ्याचा वेल बारमाही. न्यूझीलंडच्या थंडीत तो मरतो. मग माओरींनी जमिनीत खड्डे खणून, वर छप्पर घालून कंद हिवाळाभर सांभाळायला सुरुवात केली आणि दर वसंतात नव्याने लावायला. आपल्याकडच्या पेवासारखंच. काळी_कसदार यांच्या रब्बीच्या ज्वारीची ही बहीण म्हणायची.

याच लोकांचे भाईबंद दुसऱ्या दिशेने मादागास्करला गेले. तिथल्या आठव्या ते दहाव्या शतकाच्या वस्त्यांत तांदूळ, मूग आणि कापूस मिळालेत. त्यांची भाषाही बोर्निओकडची.

आता बी नेणं इतकं सोपं नाही हो. सासूबाईंनी कौतुकाने दिलेली मेथी विमानतळावर काढून घेतली. पदराची गाठ चालत नाही इथे.

गोंयचो_पाव

पोर्तुगीजांच्या मालाचा हिशेब शब्दांतच आहे. बटाटा, अननस, काजू, पपई, सगळी नावं अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेली. उत्तरेत आलू, आपल्याकडे बटाटा, कारण आपल्याकडे तो बंदरातून आला. मिरचीला मात्र आपण घरचं नाव दिलं, मिरीवरून मिरची. तिखट म्हणजे मिरी एवढंच ठाऊक होतं ना! युरोपातही तेच झालं, तिकडेही दोन्हींना एकच नाव.

अननस तर फारच वेगाने पसरला. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येतं आणि आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारोंनी धरतं. शंभर-सव्वाशे वर्षांत ब्राझील ते आग्रा.

काळी_कसदार

वेगाने पसरला कारण बादशहाला आवडला. ज्वारीमागे कुठला बादशहा नव्हता, म्हणून तिचा इतिहास खापरात शोधावा लागतो.

माणदेशी_गडी

धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं. काल मामाकडे पुन्हा गेलो आणि रात्री जेवताना सगळा वाचून दाखवला. मामाला सातूची गोष्ट पटली. त्याच्या लहानपणी आजी सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून द्यायची म्हणे. वांग्याचं ब्रिंजल झालं यावर तो पोट धरून हसला.

मामी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला विचारलं, "मामी, ज्वारी आफ्रिकेची निघाली, आता काय करायचं?" ती परातीतलं पीठ चिमटीत धरून बघत म्हणाली, "कुठली बी असू दे. ह्या पिठाची विरी गेलीया, उद्या दळण नवीन आण."